कॉलेजात किंवा शाळेत नवीन जॉइन झालात? कागदावरची भाषा वाचायची कशी आणि लिहायची कशी

जूनमध्ये कॉलेज सुरू झालं की स्टाफरूममध्ये दोन-तीन नवीन चेहरे दिसतात, बहुतेक तासिका तत्त्वावर आलेले, नेट-सेट झालेले, विषय पक्का असलेले. पहिल्याच आठवड्यात कोणीतरी त्यांच्या हातात फाईल ठेवतं आणि सांगतं की क्रायटेरिया थ्री तुमच्याकडे, एक्यूएआरचं टेम्प्लेट शुक्रवारपर्यंत भरून आयक्यूएसीला द्या, आणि हो, सीओ-पीओ मॅपिंग पण बघून घ्या. विचारायची लाज वाटते, कारण बाकीचे सगळे हे शब्द पाण्यासारखे वापरत असतात. मी सीनियर कॉलेजला भूगोल शिकवते, आयक्यूएसीचं काम बरीच वर्षं केलंय, आणि माझी धाकटी बहीण जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे त्यामुळे तिकडचं पण रोज कानावर येतं. जे मला कोणी पहिल्या वर्षी सांगायला हवं होतं ते इथे लिहितेय.

एक गोष्ट आधीच सांगते. हे सगळे शब्द एकाच मापाने मोजू नका. काही खरंच कामाचे आहेत, काही नुसते पोकळ आहेत आणि दोन-चार असे आहेत की ज्यांच्यामुळे मुलांना इजा होते. पोकळ शब्द लिहून लिहून हाताला सवय लागते आणि मग वर्गात काय चाललंय ते आपल्यालाच दिसेनासं होतं, माझं खरं भांडण त्याच्याशी आहे.

आधी शब्द कुठून आला ते शोधा

कॉलेजातले निम्मे शब्द नॅकचे असतात. नॅक म्हणजे 1994 मध्ये बेंगळुरूला यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, सुरू केलेली संस्था, कॉलेजचं मूल्यांकन करते. कॉलेज स्वतःबद्दल जो मोठा अहवाल पाठवतं तो एसएसआर, दरवर्षी पाठवायचा तो एक्यूएआर, आणि हे काम बघणारा कॉलेजमधलाच कक्ष म्हणजे आयक्यूएसी. 2017 च्या पद्धतीत सात क्रायटेरिया, म्हणजे निकष, होते: अभ्यासक्रम, शिकवणं आणि परीक्षा, संशोधन आणि विस्तारकार्य, इमारत-लायब्ररी वगैरे, विद्यार्थ्यांना मदत, कारभार, आणि सातवा मूल्यं आणि बेस्ट प्रॅक्टिसेस. आपण भरलेले आकडे पुराव्यानिशी तपासतात ती डीव्हीव्ही, आणि त्या पद्धतीत प्रत्यक्ष बघायला यायची ती पिअर टीम. बस एवढंच आहे, घाबरण्यासारखं काही नाही.

सीओ-पीओ (कोर्स आउटकम, प्रोग्राम आउटकम) हे इंजिनिअरिंगवाल्यांकडून जास्त ओळखीचं झालं. तिथे मूल्यांकनाला एनबीए नावाची वेगळी संस्था आहे, 2014 मध्ये भारत वॉशिंग्टन अकॉर्डचा, म्हणजे इंजिनिअरिंगच्या डिग्र्या एकमेकांकडे मान्य करायच्या आंतरराष्ट्रीय कराराचा, कायम सदस्य झाला तेव्हापासून आउटकम हा शब्द तिथे पक्का बसला, आणि आता बीए-बीकॉमला पण तेच आलंय. मेजर, मायनर, व्हीएससी, एसईसी, ओजेटी हे सगळं (अर्थ शेवटी सांगितलेत) 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणामुळे. सीडीसी म्हणजे महाविद्यालय विकास समिती, ती महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम 2016 मधली.

हे माहीत असण्याचा फायदा असा की शब्द कोणाच्या फॉर्ममधला आहे ते कळलं की मूळ फॉर्म उघडून बघता येतो. नॅकचं मॅन्युअल साईटवर फुकट आहे. स्टाफरूममध्ये जे सांगतात ते पाचव्या तोंडून आलेलं असतं, मूळ प्रश्न बऱ्याचदा साधा आणि शहाणा असतो. फीडबॅकचंच बघा, आमच्याकडे कितीतरी वर्षं फॉर्म भरून घेणं एवढंच काम समजत होते, आणि मॅन्युअल विचारत होतं की फॉर्म भरून घेतल्यावर तुम्ही केलं काय. शिवाय जानेवारी 2024 मध्ये नॅकने ग्रेडऐवजी मान्यता आहे किंवा नाही अशी बायनरी पद्धत आणि त्याच्या पुढे एक ते पाच लेव्हल जाहीर केल्या, त्यामुळे तुमच्या सीनियरच्या डोक्यातलं मॅन्युअल जुनं असू शकतं. साईटवरचं धरा.

एक दोनशे पानी वही घ्या

डाव्या पानावर कानावर पडलेला शब्द आणि उजव्या पानावर त्याच्यासाठी कोणी, कोणासाठी, नेमकं काय करायचं ते, घरी आईला सांगाल तशा मराठीत. ॲक्शन टेकन रिपोर्ट: मुलांनी सांगितलं लायब्ररी चारला बंद होते, त्यावर आपण काय केलं. स्टेकहोल्डर: मुलं, पालक, माजी विद्यार्थी, नोकरी देणारे, या चौघांपैकी कोण ते दर वेळी नाव घेऊन लिहा, कारण चौघांच्या मागण्या एकमेकींपासून फार लांब असतात. त्याचं मराठीत कोणीतरी भागधारक करतं ते तर साफ चूक आहे, भागधारक म्हणजे ज्याने शेअर घेतलेत तो माणूस, आपल्या मुलांनी कॉलेजचे शेअर घेतलेले नाहीत.

काही शब्दांसमोर उजवं पान कोरंच राहील. क्वालिटी एन्हान्समेंट, होलिस्टिक अप्रोच, एक्सलन्स. ओढूनताणून काही लिहू नका, कोरं राहू द्या. महिन्याभराने वही चाळलीत की कोरी पानं बघूनच कळेल कुठला शब्द आपल्या लेखणीतून काढून टाकायचा.

अहवाल: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

पोकळ भाषा इंग्रजीतून आली असं आपण म्हणतो पण आपल्या मराठीची स्वतःची पोकळ भाषा काय कमी आहे? कुठल्याही कार्यक्रमाचा अहवाल उघडा:

सदर कार्यक्रम मोठ्या उत्साहात संपन्न झाला. विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला. या उपक्रमामुळे ग्रामस्थांमध्ये पाण्याविषयी जनजागृती झाली व विद्यार्थ्यांच्या सर्वांगीण विकासास हातभार लागला.

हा असा अहवाल मी स्वतः कित्येक वेळा लिहिलाय. त्यातली जनजागृती कोणी मोजली होती? कोणीच नाही. आम्ही गावात गेलो होतो, फलक धरून फेरी काढली, फोटो काढले, चहा घेतला आणि परत आलो. गावातल्या लोकांना पाण्याबद्दल आमच्यापेक्षा जास्त माहिती होती, टँकरची वाट ते बघत होते.

नंतर एका वर्षी ठरवलं की आधी अहवालात काय लिहिता येईल याचा विचार करायचा आणि मग गावात जायचं. त्या वर्षीचा अहवाल असा झाला: दुसऱ्या वर्षाची 22 मुलं आणि दोन शिक्षक गेलो. नऊ विहिरींची पाण्याची पातळी काठापासून टेपने मोजली. तीन कोरड्या होत्या. मुलांनी प्रत्येक विहिरीच्या मालकाला विचारलं की मागच्या वर्षी याच महिन्यात पाणी कुठपर्यंत होतं आणि ते नकाशावर लिहिलं. तक्ता ग्रामपंचायतीत दिला. दोन विहिरींचं माप पुन्हा घ्यावं लागलं कारण टेपला वजन बांधलं नव्हतं आणि तो सरळ खाली जात नव्हता.

एवढाच. त्यात विकास हा शब्द एकदाही नाही, पण वाचणाऱ्याला कळतं की ही मुलं काहीतरी शिकून आली. आणि एक गोष्ट लक्षात घ्या, पहिल्या प्रकारचा अहवाल लिहायची मुभा असती तर आम्ही विहिरी मोजल्याच नसत्या. अहवालात खरं लिहायचं ठरवल्यामुळे कार्यक्रमच बदलला.

वाक्य पोकळ आहे का ते बघायच्या माझ्या दोन पद्धती आहेत. एक, कॉलेजचं नाव आणि तारीख बदलून बघा, वाक्य दुसऱ्या कुठल्याही कॉलेजला जसंच्या तसं बसत असेल तर काढा. दोन, उलटं करून बघा. आमचं महाविद्यालय गुणवत्तापूर्ण शिक्षणासाठी कटिबद्ध आहे, याचं उलटं कोणी तरी कधी लिहील का? नाही ना, मग त्या वाक्याने काहीच सांगितलं नाही. व्हिजन-मिशनवर वेळ घालवू नका, ते भिंतीवर लागलेलं आहे आणि तुमच्या हातात नाही. तुमच्या हातात तुमचे अहवाल आहेत.

जिओ-टॅग फोटो, म्हणजे ठिकाणाची नोंद असलेला फोटो, मागतात तो द्या, पण फोटोत बॅनर धरलेली रांग नको, टेप धरलेली मुलगी असू दे.

सीओ-पीओ: यात खरं सोनं आहे, पण ते शेवटच्या आकड्यात नाही

सीओ म्हणजे तुमचा पेपर शिकून मुलाला काय करता येईल. पीओ म्हणजे पूर्ण डिग्रीनंतर काय करता येईल. सीओ लिहिताना क्रियापद असं निवडा की परीक्षेत ते करताना मुलगा दिसला पाहिजे. भूरूपांचं सखोल ज्ञान मिळेल, हे कुठल्या प्रश्नाने तपासणार? समोच्च रेषांच्या नकाशावरून छेद काढून उतार अंतर्वक्र आहे की बहिर्वक्र ते सांगेल, हे तपासता येतं. ब्लूमच्या पायऱ्या तुम्हाला दाखवतील, 1956 च्या मूळ यादीत 2001 मध्ये बदल होऊन आता स्मरण, आकलन, उपयोजन, विश्लेषण, मूल्यमापन, निर्मिती अशा सहा आहेत. बीएड केलेल्यांनी संविधान तक्ता, म्हणजे प्रश्नपत्रिकेचा आराखडा, करताना हे थोडंफार केलेलंच असतं. सहाच्या सहा पायऱ्या प्रत्येक पेपरात कोंबायच्या नसतात.

आता गणित बघा. समजा वर्गात 60 मुलं, सीओ-2 वर 10 मार्कांचे प्रश्न, टार्गेट 5 मार्क. 39 मुलांना 5 किंवा जास्त पडले, म्हणजे 65 टक्के मुलं. लेव्हल कॉलेज स्वतः ठरवतं, समजा 50 टक्क्यांना लेव्हल 1, 60 ला 2, 70 ला 3, तर तुमची अटेनमेंट, म्हणजे गाठलेली पातळी, 2. सीओ पीओशी किती जोडलेला आहे ते 1 ते 3 मध्ये लिहितात, हा सीओ एखाद्या पीओशी 2 ने जोडलेला असेल तर 2 गुणिले 2 भागिले 3, एक्सेल 1.33 दाखवतं आणि मीटिंगमध्ये तो 1.33 वाचून दाखवतात, सगळे माना हलवतात, आणि 1.33 चं 1.6 कसं करायचं यावर चर्चा होते.

त्या 1.33 मध्ये उरलेली 21 मुलं कुठेच दिसत नाहीत, आणि मला बोचतं ते हेच. पण हाच आकडा काढायला तुम्ही प्रश्नवार मार्कांचा जो तक्ता बनवलेला असतो ना, तो जपून ठेवा, तो आपल्या धंद्यातला फार मोलाचा कागद आहे. माझ्या वर्गात एकदा छेदाच्या प्रश्नात बरीच मुलं अडकली होती. मी त्यांचे पेपर परत काढून बसले तर व्याख्या सगळ्यांना येत होती, चुका दोनच ठिकाणी होत्या. टोपोशीटवर, म्हणजे भूरूपांच्या नकाशावर, 1:50,000 ला समोच्च रेषांमधलं उंचीचं अंतर 20 मीटर असतं आणि ही मुलं दहा धरून मोजत होती, आणि बिंदू जोडताना पट्टीने सरळ रेषा मारत होती, त्यामुळे डोंगर करवतीच्या दातांसारखा दिसत होता. दोन जादा प्रॅक्टिकल घेतली आणि पुढच्या चाचणीत फरक पडला. आउटकम शब्दाचा मूळ हेतू मला तरी हाच वाटतो, म्हणून या शब्दाला मी पोकळ म्हणत नाही, तो आपण पोकळ करतो.

तर आकडा आयक्यूएसीला द्या, आणि त्याच्याखाली दोन ओळी स्वतःहून लिहा: मुलं कुठे अडकली आणि तुम्ही काय करणार. कोणी मागितलं नसेल तरी लिहा.

स्लो लर्नर हा शब्द मुलांसमोर कधीही वापरू नका

2017 च्या मॅन्युअलमध्ये विचारलेलं आहे की मुलांची शिकण्याची पातळी बघून ॲडव्हान्स्ड लर्नर आणि स्लो लर्नर यांच्यासाठी तुम्ही काय करता. मग कॉलेजं काय करतात, बारावीचे मार्क घेतात, एक रेघ मारतात आणि रेघेखालच्या मुलांची यादी करतात. एका कॉलेजात ती यादी नोटीस बोर्डवर लागलेली मी बघितलीय, नावं आणि वर मोठ्या अक्षरात स्लो लर्नर्स. त्यातली एक मुलगी तीन आठवडे आली नाही. ती पहाटे उठून घरचं सगळं करून दोन एसटी बदलून यायची आणि तिची पूर्ण शाळा मराठीतून झालेली असताना पहिल्या वर्षाचं सायन्स तिला इंग्रजीतून पुढ्यात आलं होतं. ती मंद नव्हती, तिला शब्द लागत नव्हते.

यादी मुलांची करू नका, घटकांची करा. स्केलवरची गणितं: जादा तास हवेत अशी मुलं. इंग्रजी संज्ञा मराठीतून समजावून हव्यात अशी मुलं. एकच मुलगा एका यादीत असेल, दुसरीत नसेल, आणि मुलांना स्वतःहून नाव द्यायला सांगितलं तर बरीच देतात. कारणाचा एक रकाना ठेवा: एसटी, भाषा, नोकरी, पाया कच्चा. पुराव्याला हे उत्तम चालतं, जादा तासांचं वेळापत्रक, हजेरी, आधीचे आणि नंतरचे मार्क. फाईलच्या पाठीवर कॉलेजला जे लिहायचं ते लिहू द्या, बोर्डावर नाव लागता कामा नये.

शाळेत असाल तर: वर्णनात्मक नोंदी

महाराष्ट्रात 2010 पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. कल्पना फार चांगली, मुलाला फक्त परीक्षेच्या मार्कांवर तोलायचं नाही, दैनंदिन निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशा साधनांनी बघायचं आणि त्याच्याबद्दल शब्दांत लिहायचं: विशेष प्रगती, आवड आणि छंद, सुधारणा आवश्यक. पण माझ्या बहिणीच्या तिसरीच्या वर्गात 28 मुलं आणि सात विषय, म्हणजे सत्राला जवळपास दोनशे नोंदी. सत्र संपताना ग्रुपवर तयार नोंदींची पीडीएफ फिरते आणि मग अख्ख्या तालुक्यातली मुलं उपक्रमात हिरिरीने भाग घेतात, परिपाठात सहभागी होतात आणि त्यांनी शुद्धलेखनाच्या चुका टाळाव्यात असं निघतं.

शिक्षकांना दोष देणं सोपं आहे, पण पोषण आहार, ऑनलाइन माहिती, सर्वेक्षण सांभाळून शेवटच्या आठवड्यात दोनशे नोंदी कोणालाच मनापासून लिहिता येणार नाहीत. बहीण जे करते ते सांगते. खिशात मावेल अशी डायरी, रोज फक्त तीन मुलं, प्रत्येकी एक ओळ, जे डोळ्यांनी दिसलं तेवढंच. दहा दिवसांत वर्ग एकदा होतो, सत्रात कितीतरी वेळा. तिच्या डायरीतली एक ओळ मला पाठ झालीय: वजाबाकीत हातचा घ्यायला विसरतो, पण खेळातल्या नोटा दिल्या की बरोबर सुट्टे परत करतो. आता ही ओळ पुढच्या वर्षीच्या गुरुजींच्या हातात पडली तर त्यांना कळतं की या मुलाला नोटांपासून सुरुवात करून द्यायची. गणितातील क्रियांत सुधारणा आवश्यक, यातून त्यांना काय कळणार होतं? नोंदवहीत डायरीतलीच ओळ उतरवा. अध्ययन निष्पत्तीचा, म्हणजे त्या इयत्तेत काय यायला हवं त्या यादीतला, क्रमांक हवा असेल तर तो पुढे टाका. केंद्रप्रमुख आले तर त्यांना त्या मुलालाच बोलावून नोटा देऊन दाखवा.

खोटं लिहायला सांगितलं तर

ही वेळ येते. न झालेल्या मीटिंगचे मिनिट्स, म्हणजे इतिवृत्त, लिहा, मागच्या तारखेचा फीडबॅक तयार करा. मोठ्या भाषेआड हे लपतं, कोणी खोटं लिहा म्हणत नाही, गॅप भरा म्हणतात. तासिका तत्त्वावर असाल तर नाही म्हणणं किती अवघड आहे ते मला माहीत आहे, पुढच्या वर्षीचे तास त्याच माणसाच्या हातात असतात. त्यामुळे भांडू नका, दुसरा रस्ता द्या. मीटिंग झाली नसेल तर म्हणा, सर आजच वीस मिनिटं बसूया, आजच्या तारखेचे मिनिट्स करते. आकडा शून्य असेल तर शून्य भरा, शून्य भरणं गुन्हा नाही, डीव्हीव्हीत विचारतात तेव्हा पुरावा नसलेला आकडाच अंगाशी येतो. टेम्प्लेट नेहमी मेलने पाठवा आणि लिहा की मला मिळालेल्या कागदांप्रमाणे भरलं आहे. जे तुम्ही बघितलं नाही त्यावर सही नको.

पहिल्या वर्षाच्या पालकांशी बोलताना

ॲडमिशनच्या टेबलावर तुम्हाला बसवतीलच. समोर एक शेतकरी बाप आणि त्याची मुलगी, आणि आपण म्हणतो, मल्टिपल एंट्री मल्टिपल एक्झिट आहे, ओई बास्केटमधून घ्या, एबीसी आयडी काढून आणा. ते मान हलवतात आणि बाहेर जाऊन शिपाईमामांना विचारतात. असं होऊ देऊ नका. त्यांना सांगा: क्रेडिट म्हणजे तासांचा हिशेब, वर्गातले साधारण 15 तास म्हणजे एक क्रेडिट, प्रॅक्टिकलचे 30. तीन वर्षांच्या डिग्रीला किमान 120 लागतात. ते क्रेडिट सरकारच्या ऑनलाइन खात्यात जमा होतात, एबीसी म्हणजे ते खातं. मेजर हा मुख्य विषय, मायनर जोडीचा, ओई म्हणजे दुसऱ्याच शाखेचा एक, व्हीएससी आणि एसईसी म्हणजे हाताला कामाचं काहीतरी, ओजेटी म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या जागी जाऊन शिकणं.

आणि मधेच सोडता येतं हे सांगताना पूर्ण सांगा. एक वर्षाने सोडलं तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा, पण त्यासाठी कौशल्याच्या कोर्सचे किंवा इंटर्नशिपचे वेगळे चार क्रेडिट लागतात, ते आपोआप मिळत नाही. परत यायचं तर तीन वर्षांच्या आत आणि सगळी डिग्री सात वर्षांत. मुलीचं लग्न ठरतंय म्हणून एका वर्षाने थांबवू असं मनात घेऊन आलेला बाप असतो, त्याला ही अर्धी माहिती दिली तर ती मुलगी आपल्या एका वाक्यामुळे घरी बसू शकते.

हे सगळं एका पानावर मराठीत टाईप करून घ्या, मोठ्या अक्षरात, झेरॉक्स काढा आणि प्रत्येक पालकाच्या हातात द्या. पानाच्या खाली तुमचं नाव आणि स्टाफरूममध्ये तुम्ही कुठल्या वारी किती वाजता भेटता ते पेनने लिहा.